नागरिकशास्त्राचा राहून गेलेला धडा

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, भिक्षुकीसाठी आलेल्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. मोबाइलवरून फिरणाऱ्या अफवेवर विश्वास ठेवणारे ते लोक शाळकरी नव्हते. मोबाइल हाताळता येणे आणि त्यावरील मजकुराबाबत विवेक बाळगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या घटनेने दाखवून दिले. पहिली गोष्ट मुले आपापली शिकतात. दुसरी शिकवावी लागते.

‘प्रथम’ संस्थेचा २०२४ चा ‘असर’ अहवाल हीच तफावत दाखवतो. ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीच्या आदल्या आठवड्यात ५७ टक्के मुलांनी तो अभ्यासाच्या कामासाठी, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी वापरला. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी आपले खाते खासगी कसे ठेवावे हे ठाऊक असलेली मुले मात्र ५५ टक्केच आहेत. शहरांत साधने अधिक आहेत. म्हणून शहाणपणही अधिक असेल, असे मानण्याचे कारण नाही.

यावर बंदीचा उपाय पुढे केला जातो. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. भारताने २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची अट घातली असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांना वेसण घालण्यासाठी असे कायदे हवेतच. परंतु ज्या घरांत आईवडिलांचा अर्ज मुलगाच मोबाइलवर भरून देतो, तेथे पालकांच्या संमतीचे बटणही तोच दाबणार, हे उघड आहे. शिवाय सोळावा वाढदिवस साजरा होताच विवेक जागा होतो, असेही नाही.

शाळांमध्ये या विषयाची बोळवण बहुधा वर्षातून एखाद्या व्याख्यानाने होते. ‘हे करू नका, ते करू नका’ अशी यादी वाचली जाते. मुलींना छायाचित्रे टाकू नका, असे बजावले जाते. त्यातून दक्षता येण्याऐवजी भीती येते आणि भीतीतून मौन. अनोळखी व्यक्ती ओळख वाढवते, छायाचित्र मागून घेते आणि मग ‘घरी कळवीन’ अशी धमकी देते. तिचे खरे शस्त्र छायाचित्र नसून मुलाला वाटणारी घरच्यांची भीती हे असते. बोलले तर आपलाच फोन काढून घेतला जाईल, आपल्यालाच दोष दिला जाईल, हे ठाऊक असलेले मूल गप्प राहते. आणि त्या मौनावरच गुन्हेगाराचे फावते.

म्हणूनच चूक घडल्यानंतर काय करायचे, हा या शिक्षणाचा पहिला धडा असायला हवा. पैसे देऊ नयेत, संदेश पुसून टाकू नयेत, विश्वासातील मोठ्या माणसाला लगेच सांगावे. आर्थिक फसवणुकीसाठी १९३० आणि संकटातील मुलांसाठी १०९८ हे क्रमांक प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ हवेत. दुसरा धडा जबाबदारीचा. वर्गमैत्रिणीचे अश्लील छायाचित्र, मग ते कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले का असेना, गटात पाठवणे ही गंमत नसून माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील गुन्हा आहे.

तिसरा धडा शहानिशेचा. लसीकरणाविषयीच्या अफवांचा अनुभव आल्यावर केरळमधील कण्णूर जिल्हा प्रशासनाने २०१८ मध्ये सरकारी शाळांतून खोटी बातमी ओळखण्याचे वर्ग सुरू केले. हा संदेश कोणी लिहिला, पुरावा काय, पुढे पाठवल्यास कोणाचे नुकसान होईल, हे प्रश्न विचारायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. लागतो तो वेळापत्रकातील नियमित तास, प्रशिक्षित शिक्षक आणि ज्याच्याकडे मुले निर्धास्तपणे जाऊ शकतील असा समुपदेशक.

आपल्याकडे नागरिकशास्त्र हा इतिहासाच्या शेपटीला बांधलेला, कमी गुणांचा म्हणून दुर्लक्षिला गेलेला विषय. डिजिटल नागरिकत्वाचीही तीच गत झाली, तर गुणपत्रिकेत काही बिघडणार नाही. किंमत मोजतील ती धमकीपुढे एकटी पडलेली मुले, आणि पुढची अफवा ज्यांच्यावर उठेल ती माणसे.