वाटीचे वजन

फराळात काही बिघडले, की त्याचे खापर घरच्या बायकांच्या माथी फुटायचे, अशी आपल्याकडची रीत आहे. गेल्या दिवाळीत आमच्या घरी ते माझ्या माथी फुटले, आणि ते न्यायाला धरूनच झाले.

त्याचे असे झाले. बंगळूरला नवा संसार थाटलेल्या माझ्या भाचीने आजीच्या फराळाच्या वहीची नक्कल मागितली आणि वर विचारले, “मामा, वाटी म्हणजे नक्की केवढी?” प्रश्न रास्त होता. मी पडलो मराठी शिकवणारा. पण एवढा हिशेब आपल्याला सहज जमेल, अशा ऐटीत मी घरची वाटी पाण्याने मोजली. तीत २०० मिलिलिटर पाणी मावले. म्हणजे वाटी झाली २०० ग्रॅमची! वहीत बेसनाच्या लाडवांना चार वाट्या बेसन, दोन वाट्या पिठीसाखर आणि दीड वाटी तूप होते. मी लिहिले : बेसन ८०० ग्रॅम, साखर ४००, तूप ३००.

भाचीला धाडण्यापूर्वी घरी एकदा करून पाहावे, असे ठरले. सौभाग्यवतींनी सारे काट्यावर तोलून घेतले. पण लाडू काही केल्या वळेनात. कसाबसा वळलाच, तर ताटात ठेवताच फुटे. चव घ्यावी, तर घशाला तोठरा बसे.

आई दारात उभी राहून पाहत होती. तिची ऐंशी उलटली आहे. अलीकडे नावेगावे विसरते. ती हळूच म्हणाली, “माझ्याच लिहिण्यात चूक झाली असेल रे. आता काही खात्रीनं आठवत नाही बघ.” आणि वही मिटून आत निघून गेली.

ते बोलणे मनाला लागले. रात्री सगळे निजल्यावर मी काटा घेऊन बसलो. वाटीभर बेसन १०० ग्रॅमच्या आसपास भरले! पिठीसाखर त्याहून थोडी अधिक. तूप मात्र १८०. म्हणजे माझ्या हिशेबाने कोरडा जिन्नस जवळजवळ दुप्पट झाला होता आणि तूप होते तेवढेच राहिले होते.

वाटी जागा मोजते, काटा वजन मोजतो. पाण्यापुरते दोन्ही आकडे जुळतात, कारण १७९५ साली फ्रान्समध्ये ग्रॅम ठरवला गेला तोच मुळी एक घन सेंटिमीटर पाण्याच्या वजनावरून. तो करार बेसनाने का पाळावा? एक लिटर तेलाच्या पिशवीवरही ९१० ग्रॅम छापलेले असते. आपल्या जुन्या शेराने तर हा घोळ नावातच घालून ठेवला होता : ८० तोळ्यांचा शेर वजनाचा, आणि पायलीचा चौथा हिस्सा तो मापाचा शेर! आपण ‘झुकते माप’ म्हणतो, तेही तसेच. झुकते ते पारडे. माप कसले झुकणार?

घरातली अशी चूक डब्यात झाकून ठेवता येते. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडातल्या एका प्रवासी विमानात इंधन भरताना लिटरचे किलो करायचे होते. लिटरला सुमारे ०.८ किलो धरायचे, तिथे १.७७ धरले गेले. तो आकडा पौंडांचा होता. निम्म्याहून कमी इंधनावर निघालेल्या त्या विमानाची दोन्ही एंजिने आकाशातच बंद पडली. वैमानिकाने ते घारीसारखे तरंगत गिमली येथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवले, म्हणून सारे वाचले.

सकाळी चहाच्या वेळी आईला म्हटले, “आई, तुझं माप बरोबर होतं. वजन माझं चुकलं.”

तिने पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. मग वही उघडत म्हणाली, “तिला कळव, वाटी कुठलीही घे म्हणावं. फक्त सगळ्याला तीच घे.”

माझे कोष्टक फाडून मी भाचीला तेवढेच लिहून पाठवले.