अनुभव आहे, कागद कोठे आहे?

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. 10 हजार तरुण पाठविण्याची घोषणा झाली. कळमनुरी-सेनगावातील आयटीआय झालेल्या मुलाने ती खरी मानली, यात त्याचे काय चुकले?

अट मात्र पाहा. 1 मार्च 2024 पासूनच्या जर्मन नियमानुसार, ज्याच्या प्रमाणपत्रास तेथे समकक्षता मिळालेली नाही त्याने मायदेशीचे किमान दोन वर्षांचे शासनमान्य प्रशिक्षण आणि गेल्या पाच वर्षांतील किमान दोन वर्षांचा कामास साजेसा अनुभव दाखवावयाचा. आपला वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा. तो या वाटेवर उंबरठ्यातच अडला. वीजतंत्री दोन वर्षे शिकतो, पण तो अनुभवापाशी अडतो. पाच वर्षे तो पुण्याला कंत्राटदाराकडे राबलेला असतो. नेमणूकपत्र नाही, पगारपत्रक नाही. अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही यालाच मानवी भांडवल म्हणत होतो!

1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याखालील नियमांनी काम सुटताना सेवा-प्रमाणपत्र देणे कंत्राटदारावर बंधनकारक केले होते. ते किती जणांना मिळाले, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको. 21 नोव्हेंबर 2025 रोजी अमलात आलेल्या संहितेत अनुभवाचे प्रमाणपत्र कामगाराने मागितल्यास द्यावयाचे आहे. केंद्रीय कायद्यातील 20 कामगारांची मर्यादाही 50 झाली. उद्याच्या कामासाठी ज्याच्या दारात उभे राहावयाचे, त्याच्याकडेच कागद मागावयाचा!

तेव्हा साथींनो, औंढा-वसमतला दिवाळीस परतलेल्या मुलांची मागणीपत्रे आपणच लिहून घ्यावीत आणि एकेकट्याने नव्हे, पन्नास जणांनी मिळून ती कंत्राटदारास पोचपावतीसह द्यावीत.