जुन्या विहिरीचा उपसा



चैत्र-वैशाख आला की मालवण तालुक्यात विहिरी उपसण्याची कामे निघतात. तारकर्लीत जुन्या घरांच्या परसात, माडांच्या सावलीत, जांभ्या चिऱ्यांनी बांधलेल्या विहिरी आहेत. तिकडे विहिरीला 'बाव' म्हणतात. यांतल्या कित्येक घरांत आता पर्यटकांसाठी खोल्या झाल्या आहेत. सुट्टीचे पाहुणे यायच्या आत विहीर साफ हवी म्हणून घाई होते आणि रोजावर माणसे बोलावली जातात. आत उतरणारा माणूस बहुधा आपल्यासारख्याच कष्टकरी घरातला असतो. म्हणून आम्ही आज हा विषय घेतला आहे.

प्रथम जमीन समजून घेऊ. तारकर्लीच्या एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये वाळूचा पट्टा. पावसाचे गोडे पाणी या वाळूत मुरते आणि हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. ढोबळ हिशेब असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ फूट उंच असेल, तर समुद्रपातळीखाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असते. ती पातळी खाली ओढली की खारे पाणी त्याच पटीत वर सरकू लागते. म्हणजे मोठा पंप लावून एका दमात तळ गाठला, तर विहीर स्वच्छ होईल, पण पाणी मचूळ होण्याची भीती राहील. शिवाय पाणी झपाट्याने उतरले की बाहेरची ओली वाळू चिऱ्यांच्या सांध्यांतून आत येते आणि बांधकाम ढासळू शकते. तेव्हा उपसा टप्प्याटप्प्याने, झरे भरू देऊन करावा.

आता जिवाची गोष्ट. गाळात पाला-कचरा कुजतो, त्यातून विषारी वायू निघतात. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण तो वायू फार झाला तर नाकच बधिर होते आणि वास कळेनासा होतो. झाकण घालून वर्षानुवर्षे बंद ठेवलेली विहीर सर्वांत धोक्याची. पेटता कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. कंदील विझला तर उतरू नये, हे बरोबर. पण तो विझला नाही म्हणून हवा चांगली, असे मात्र समजू नये. विषारी वायू असूनही ज्योत जळत राहू शकते आणि पेट घेणारा वायू असेल तर भडकाही उडू शकतो. डिझेल किंवा पेट्रोलचे इंजिन विहिरीत उतरवणे तर मरणाला बोलावणेच, कारण त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

९ एप्रिल २०२४ रोजी नेवासा तालुक्यातील वाकडी येथे एक मांजर जुन्या विहिरीत पडले. त्या विहिरीत गोबरगॅसची मळी साठवलेली होती. मांजराला काढायला एक उतरला, त्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. आपल्या माणसासाठी उडी टाकणे ही माया आहे, पण अशा ठिकाणी एकाच्या मागे घरातील दुसराही जातो.

म्हणून आमचे सांगणे असे. शक्य तो गाळ वरूनच काढावा. उतरणे भागच असेल तर आधी नळीने तळापर्यंत ताजी हवा सोडावी आणि काम चालू असेपर्यंत ती चालू ठेवावी. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर त्याला ओढून घेतील असे दोघे-तिघे हवेत. इंजिन वर, विहिरीपासून लांब ठेवावे. आतला माणूस बोलेनासा झाला तर कोणीही उतरू नये. दोराने ओढावे आणि ११२ वर फोन करावा. मालक एवढी सोय करत नसेल, तर ते काम नाकारावे. एक रोज बुडाला तर तो भरून काढता येतो.

साफसफाईनंतर पाणी भरले की ब्लीचिंग पावडर घालावी. १००० लिटरला अडीच ग्रॅम हे नेहमीचे प्रमाण. ८ फूट व्यासाच्या विहिरीत १० फूट पाणी असेल तर आमच्या हिशेबाने ते सुमारे १४,००० लिटर भरते, म्हणजे ३५ ग्रॅम पावडर लागते. ती बादलीत कालवून, चोथा खाली बसू देऊन, वरची निवळी विहिरीत सोडावी आणि तासभर पाणी काढू नये. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारल्यास तो नीट सांगेल.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्यातून १०८ घागरी पाणी काढले, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवले, ते पुन्हा तळ्यात ओतले आणि त्याला शुद्धी म्हटले! पाणी शुद्ध होते ते गाळ काढल्याने आणि जंतू मारल्याने. एके काळी ज्यांना पाणवठ्याला शिवू दिले नाही, त्यांच्या मुलांना आज तळाचा गाळ काढायला बोलावले जाते. त्यांनी जायचे असेल तर पूर्ण माहितीनिशी आणि पूर्ण मजुरी ठरवूनच जावे.

भगिनींना एक विनंती. घरचा माणूस उपशाच्या कामाला निघाला की त्याला एवढे अवश्य विचारा: वर दोर धरायला कोण आहे?