पहाटे ५ ची शिस्त, रात्री २ पर्यंत रील्स: 'मर्द' बनवणारी ही लाट आली कुठून?

पहाटे ५ ला उठा, थंड पाण्याने अंघोळ करा, भावना बाजूला ठेवा, 'मर्द' बना. अशी रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतील.

सुरुवात कशी झाली?

लॉकडाऊनमध्ये कॉलेज, मैदान, जिम सगळं बंद झालं. दिवसाला आकार देणाऱ्या गोष्टीच गेल्या. त्याच काळात, जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैमध्ये इन्स्टाग्राम रील्स सुरू झालं.

'७५ हार्ड' काय आहे?

अमेरिकी उद्योजक अँडी फ्रिसेला यांनी २०१९ मध्ये आणलेलं चॅलेंज. ७५ दिवस रोज दोनदा ४५ मिनिटं व्यायाम, ठरलेला आहार, दारू बंद, १० पानं वाचन. एक गोष्ट चुकली की पुन्हा पहिला दिवस.

मग अडचण कुठे आहे?

व्यायाम, वाचन चांगलंच. पण शिस्त शिकवणारं रील तुम्ही स्क्रोल करत राहिलात तरच चालतं. शिवाय एकटेपणाला 'कमजोरी' म्हटलं, की मदत मागणं अवघड होतं. एनसीआरबीनुसार २०२१ मध्ये देशात १,६४,०३३ आत्महत्या झाल्या. त्यातले १,१८,९७९ पुरुष होते. प्रत्येकामागची कारणं वेगळी, पण आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी पोरं आपल्याकडे गावोगावी दिसतात. शिस्त तिथेही आहे. पण एखादा दोन दिवस दिसला नाही, तर सोबतचे फोन करतात. फीड तो फोन करत नाही.

मन जड वाटत असेल तर टेली-मानसला फोन करा: १४४१६. सेवा मोफत आहे, २४ तास सुरू असते.