मुलांची वाढ आणि आपली घाई

‘बाळाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण आपल्या घराघरांत इतकी रुळलेली आहे की, ती एकदा तपासून पाहावी असे कोणास वाटत नाही. आम्ही शिक्षकही तिच्या आहारी जातो. पहिल्या आठवड्यातच एखाद्या मुलाविषयी मत बनवितो आणि वर्षअखेर ते खरे ठरले म्हणून समाधान मानतो. परंतु काही वर्षे वर्गात उभे राहून मुले पाहिल्यावर या म्हणीविषयी आम्हांस शंका येऊ लागली आहे. पाय पाळण्यात दिसतात हे खरे. ते केव्हा चालू लागतील आणि कोठवर जातील, हे मात्र पाळण्यात दिसत नाही.

शाळेत मुलांची उंची व वजन मोजण्याचा दिवस आठवून पाहा. सातवीच्या मुली एकामागून एक भिंतीला पाठ लावून उभ्या राहतात आणि त्यांच्याच वर्गातील मुलगे त्यांच्यापुढे लहान भावंडांसारखे दिसतात. एखादा मुलगा हळूच टाचा उचलतो. एखादी उंच मुलगी खांदे पाडून उभी राहते. एकाला आपण वाढलो नाही याची लाज, दुसरीला आपण वाढलो याची लाज! त्याच संध्याकाळी पालकसभेत एखादी माउली म्हणते, “गुरुजी, आमच्या जावेचा मुलगा ह्याच्याच वयाचा, पण किती पुढे गेला!” ही तुलना तिने सभेत प्रथम केलेली नसते. ‘त्यांचे बाळ दहाव्या महिन्यात चालले, आमचे अजून रांगतेच आहे’ येथपासून ती सुरू झालेली असते.

या तुलनेला शास्त्राचा आधार किती आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेने निरनिराळ्या देशांतील निरोगी बालकांची वर्षानुवर्षे पाहणी करून २००६ साली वाढीची प्रमाणे प्रसिद्ध केली. या पाहणीत आपल्या देशातील दिल्लीची मुलेही होती. बाळ आधाराविना केव्हा बसते, केव्हा रांगते, केव्हा चालते याची नोंद तीत काळजीपूर्वक केलेली आहे. तीवरून असे दिसले की, आधाराविना चालण्याचे वय सुमारे आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कोठेही असू शकते. निम्मी मुले वर्षाची होईतो चालू लागतात, उरलेली निम्मी त्यानंतर. आणि ही सर्वच मुले निरोगी होत. शंभरांतील सुमारे चार मुले तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरी ती पुढे चालली. तात्पर्य, निसर्गाने मुलाच्या वाढीस एक तारीख दिलेली नाही. एक मुदत दिली आहे आणि ती पुष्कळ सैल आहे.

आमच्या मैलूरच्या आसपासच्या शेतकऱ्यास ही गोष्ट नव्याने सांगावयास नको. बीदर जिल्ह्यात मृगाच्या पावसावर मूग आणि तूर एकाच सुमारास पेरतात. मूग साठ-सत्तर दिवसांत हाती येतो. तुरीला मात्र पाच-सहा महिने लागतात. मुगाच्या शेंगा तोडणीस आल्या तेव्हा तूर अजून नुसती पालवीवर असते. पण म्हणून कोणी शहाणा शेतकरी तुरीला आळशी म्हणत नाही, की तिच्या मुळाशी जाऊन रोप उपटून पाहत नाही. पिकाच्या बाबतीत दाखविलेला हा शहाणपणा आपण मुलाच्या बाबतीत का विसरतो?

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, एकाच मुलाच्या ठिकाणी मूगही असतो आणि तूरही असते. शरीराची वाढ, वाणीची वाढ आणि विवेकाची वाढ ही तीन पिके एका वेळी काढणीस येत नाहीत. जन्मतः सुमारे पन्नास सेंटिमीटर असलेले बाळ वर्षभरात पंचाहत्तरांचे होते. त्याचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट व वर्षअखेरीस तिप्पट होते. त्याचा मेंदू दुसऱ्या वर्षापर्यंत प्रौढ मेंदूच्या सुमारे चार पंचमांश आकाराचा होतो. पण परिणामांचा विचार करणारा व आवेग आवरणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो. एक पीक पाहून सगळे शेत पिकले असे मानणे, हीच आपली मूळ चूक होय.

मात्र ‘घाई करू नका’ याचा अर्थ ‘लक्ष देऊ नका’ असा कोणी करू नये. तुरीला वेळ द्यावा लागतो हे खरे, पण तिला पाणी नको असे कोणी म्हणत नाही. गर्भातील २७० दिवस आणि जन्मानंतरच्या दोन वर्षांचे ७३० दिवस मिळून जे एक हजार दिवस होतात, त्यांत झालेली उपासमार व वारंवार होणारे आजार यांची तूट पुढे भरून काढणे फार कठीण जाते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातील पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी पस्तिसांहून अधिक मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. हे खुजेपण म्हणजे तुरीची संथ चाल नव्हे. ती पाण्यावाचून करपलेली रोपे होत. म्हणून अंगणवाडीतील वजनकाट्याकडे पाठ फिरवू नये. ताईंच्या तक्त्यावर मुलाची रेघ चढते आहे की आडवी पडली आहे, हे आईने स्वतः पाहावे. सहा महिने पूर्ण होताच अंगावरच्या दुधाच्या जोडीला मऊ भात, वरण, भाजी सुरू करावी. आपल्या पूर्वजांनीही उष्टावणाचा संस्कार बहुधा सहाव्या महिन्यातच सांगितला आहे.

काही खुणा अशा आहेत की, तेथे थांबणे हा धीर नसून दुर्लक्ष होय. नऊ महिने उलटूनही बाळ बसत नसेल, अठरा महिने होऊनही चालत नसेल, आवाजाकडे वळून पाहत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, किंवा एकदा येऊ लागलेली गोष्ट विसरू लागले असेल, तर शेजारणीचा सल्ला न घेता डॉक्टरांचा घ्यावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ सालापासून अंगणवाडीतील व सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते. त्या दिवशी मुलास घरी ठेवू नये.

वाणीच्या वाढीविषयी आमच्या सीमाभागात एक खास गैरसमज आहे. येथील मूल घरी ‘पाणी’ म्हणते, अंगणात खेळताना ‘नीरु’ ऐकते आणि बाजारात दखनीतले ‘पानी’. तीन भाषांची सरमिसळ करून ते बोलू लागले की, मोठी माणसे म्हणतात, ‘याच्या डोक्यात गोंधळ झाला आहे.’ या बाबतीत आम्ही अनुभवाने बोलू शकतो. कारण आमची मातृभाषा कोंकणी. लहानपणी मराठी शाळेत पहिल्याच दिवशी तहान लागली, तेव्हा आम्ही ‘म्हाका उदक जाय’ असे म्हटले. कोंकणीत ‘जाय’ म्हणजे ‘हवे’. मराठी वर्गाने त्याचा अर्थ ‘जाते’ असा घेतला आणि सगळे हसले. पाणी तर मिळाले नाहीच, उलट पुढे कित्येक महिने आमची गणना मंद मुलांत होत राहिली. वस्तुतः अनेक भाषांत वाढणारे मूल आरंभी शब्दांची सरमिसळ करतेच. तो दोष नव्हे. त्याचे शब्द मोजायचे तर सर्व भाषांतले मिळून मोजावेत. ज्या मुलास आज एका भाषेत शंभर शब्द येत नाहीत, त्याच्याजवळ कदाचित तीन भाषांत मिळून दीडशे असतील!

आता किशोरवयाकडे वळू. कारण या मासिकाचे बहुसंख्य वाचक त्याच वयाचे आहेत. विद्यार्थिमित्रांनो, मुलींची झपाट्याने उंच होण्याची वेळ मुलांच्या सुमारे दोन वर्षे आधी येते. म्हणून सातवीत मुली उंच दिसतात आणि नववी-दहावीत मुलगे त्यांना गाठतात. त्या एका-दोन वर्षांत वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर उंची वाढते. आवाज फुटतो, चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात, मुलींस ऋतुप्राप्ती होते. कोणास हे दहाव्या वर्षी, कोणास चौदाव्या. यांत लाजण्यासारखे काही नाही आणि मिरविण्यासारखेही काही नाही. वर्गातील बुटक्या मित्रास ‘गिड्डा’ म्हणणाऱ्याने एवढेच ध्यानात ठेवावे की, त्याची तूर अजून फुलावयाची आहे.

परंतु याच वयात मोठ्या माणसांची घाई सर्वांत क्रूर रूप धारण करते. मुलगी थोराड दिसू लागली, की तिच्या शरीराकडे पाहून घर ठरविते, ‘आता मोठी झाली.’ या संदर्भात एका थोर मराठी शिक्षिकेचे चरित्र आमच्या डोळ्यांपुढे येते. अनुताई वाघ यांचा जन्म १९१० सालचा. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला आणि काही महिन्यांतच त्यांस वैधव्य आले. त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानात विवाहाचे किमान वय ठरविणारा कायदाच नव्हता. तो १९२९ साली झाला आणि त्यानेही मुलींसाठी चौदा वर्षांचीच मर्यादा घातली. तेराव्या वर्षी ‘मोठी’ ठरविलेली ही मुलगी खऱ्या अर्थाने मोठी झाली ती पुढे, शिकून. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा अनुताई त्यांस येऊन मिळाल्या. १९५७ साली ते काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्या दोघींनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरविली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर ऐकू येतो, त्याच्या मुळाशी ही कल्पना आहे. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू केली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली.

जिचे स्वतःचे बालपण तेराव्या वर्षी संपविले गेले, तिने हजारो मुलांस त्यांचे बालपण परत दिले. ही कथा वाचून आपण धन्य म्हणतो आणि पान उलटतो. पण अनुताईंसारखी एक निघाली, म्हणून बाकीच्यांचे काय झाले हा प्रश्न सुटत नाही. आमच्या वर्गातही दिवाळीच्या सुटीनंतर एखादा बाक रिकामा राहिलेला आम्ही पाहिला आहे. चौकशी केली तर, ‘मुलगी मोठी झाली, आता शाळा कशाला?’ असे उत्तर मिळाले. त्या मुलीस वर्गात आदल्याच आठवड्यात पेन्सिलीवरून रडू आले होते! तिच्या उंचीकडे सर्वांचे लक्ष गेले. तिच्या रडण्याकडे कोणाचेच गेले नाही. आणि आम्ही स्वतः? आम्ही हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडली आणि पुढचे नाव उच्चारले. तिच्या घरी जावयास हवे होते, गेलो नाही. ही खंत आज येथे नोंदवून ठेवीत आहोत.

कायदा स्पष्ट आहे. १९७८ सालापासून मुलीच्या विवाहाचे किमान वय अठरा आहे. २००६ च्या कायद्याने बालविवाह करणारे व करविणारे मोठे लोक शिक्षेस पात्र ठरविले आणि कर्नाटकाने २०१६ साली दुरुस्ती करून असा विवाह मुळातच रद्दबातल ठरविला. परंतु कायद्यापेक्षाही शरीराचा न्याय कठोर आहे. किशोरवयातील मुलीच्या देहास स्वतःच्या वाढीसाठीच लोह व अन्न अपुरे पडते. त्यात तिच्यावर मातृत्व आले, तर आई आणि बाळ दोघांच्याही वाट्याला अर्धी भाकरी येते. असे बाळ बहुधा कमी वजनाचे जन्मते, आणि मग त्याच बाळाची आजी पालकसभेत विचारते, ‘गुरुजी, आमचा नातू का वाढत नाही?’

पालकहो, आमची विनंती थोडकी आहे. आपल्या मुलाची तुलना करावयाचीच असेल, तर त्याच्या कालच्या स्वरूपाशी करा. घराच्या चौकटीवर दर वाढदिवशी एक रेघ ओढा. शेजाऱ्याच्या चौकटीकडे पाहू नका. आणि ती रेघ खांद्यावर आली की मुलगी मोठी झाली, असे मात्र मानू नका. कारण ती रेघ केवळ उंचीची आहे.

विद्यार्थिनींनो, तुमच्यापैकी कोणावर किंवा तुमच्या मैत्रिणीवर असा प्रसंग येऊ घातला, तर गप्प राहू नका. तुमच्या शिक्षकांस सांगा; ते न जमल्यास १०९८ या क्रमांकावर दूरध्वनी करा. तो विनामूल्य आहे. यापुढे आमच्या वर्गातील एखादा बाक रिकामा दिसला, तर हजेरीपट मिटवून आम्ही त्या घरी जाऊ, हे वचन या पानावर देत आहोत. मुगाच्या तोडणीबरोबर तूर कापून टाकणारा शेतकरी आम्ही अद्याप पाहिलेला नाही. तसे घरही आमच्या गावात उरू नये.