पार्ट नवे, रेडिओ मुका

घरातली एखादी वस्तू बिघडली की आपण दुरुस्तीवाल्याला पहिला प्रश्न विचारतो, ‘कुठला पार्ट गेलाय?’ बिघाड म्हणजे पार्ट जाणं आणि दुरुस्ती म्हणजे त्याच्या जागी नवा बसवणं, हे आपण फारच गृहीत धरलंय. या दोहोंच्या मध्ये एक काम असतं, बिघाड शोधण्याचं. ते आपल्या हिशेबातच नसतं. व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओशी गाठ पडली की मात्र या विसरण्याची किंमत लगेच कळते.

आमच्या सातारा-सांगलीकडे असे संच अजून पुष्कळ घरांत आहेत. कुणाचा माळ्यावर, कुणाचा दिवाणखान्यात शोभेला. पुण्याचं केंद्र १९५३ सालचं, पण सांगलीला आकाशवाणी आली ती १९६३ साली, आणि मग रेडिओ खऱ्या अर्थानं ‘आपला’ झाला. वर क्रोशाचं झाकण, भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची एरिअल, पोस्टात भरायचं वर्षाचं लायसन्स, आणि लावल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प बसून वाट बघणं. म्हणूनच मुलं-नातवंडं आज हौसेनं हे संच दुरुस्तीला काढतात. आणि नेमकी तिथेच गडबड होते.

साताऱ्याला शनिवार पेठेत राहणाऱ्या माझ्या आत्यांच्या मर्फीचंच घ्या. तो बंद पडला नव्हता. आवाज बारीक झाला होता आणि मागून सतत घुंऽऽ असा सूर येत होता, एवढंच. आत्यांच्या मुलानं तो एका ठिकाणी दुरुस्तीला दिला. आठ दिवसांनी परत आला तेव्हा अकरा कंडेन्सर आणि दोन व्हॉल्व्ह नवे होते, बिल अठ्ठावीसशे रुपये, आणि आवाज अजिबात नाही! डायलचा दिवा लागतोय, व्हॉल्व्ह लालसर होताहेत, बाकी सगळी शांतता. ‘आम्ही सगळं नवीन टाकलंय. आता कॉइल गेली असणार, ती कुठे मिळत नाही,’ असा निकालही मिळाला. आत्या म्हणाल्या, ‘अरे, आधी निदान गुणगुणत तरी होता.’

मी तो सांगलीला आणला. इथे एक जुने मिस्त्री आहेत. दुकान मुलानं कधीच मोबाइलचं केलंय, हे मागच्या खोलीत बसतात. त्यांनी पार्टांचं नाव काढलं नाही. विचारलं ते असं : ‘आधी काय होत होतं? कुणी काय काय बदललं? काढलेले पार्ट आणलेत का?’ काढलेले पार्ट कुणी परत दिलेच नव्हते. मिस्त्रींनी मान हलवली आणि कामाला लागले.

सिरीजमध्ये बल्ब लावून त्यांनी संच चालू केला. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो. तो मंदच राहिला. मग मुख्य कंडेन्सरवर मीटर लावला. दोनशे चाळीस व्होल्ट, म्हणजे वीजपुरवठा ठीक. मग स्क्रू-ड्रायव्हरचं टोक आवाजाच्या बटणाच्या मधल्या पायाला टेकवलं. स्पीकरमधून भसाडा आवाज आला. मला तो गाण्याइतका गोड वाटला, कारण तिथून स्पीकरपर्यंतचा अर्धा रेडिओ त्या एका स्पर्शानं निर्दोष सुटला होता. बिघाड उरलेल्या अर्ध्यात. ते मागे मागे, एरिअलच्या दिशेनं सरकत ईसीएच ८१ या पहिल्या व्हॉल्व्हपाशी आले. त्याच्या अ‍ॅनोडवर व्होल्टेज शून्य. तिथला पुरवठा शेजारच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डबीतल्या कॉइलमधून येतो. कॉइलच्या एका टोकाला दोनशे चाळीस, दुसऱ्या टोकाला काही नाही. डबी उघडली, तर केसाएवढी तार पायापाशी तुटलेली. अगदी जवळच नव्या कंडेन्सरचा हा एवढा मोठा सोल्डरचा गोळा.

तार साफ करून जोडली. नवा पार्ट एकही नाही. वेळ पावणेदोन तास. संच गाऊ लागला.

आता हिशेब बघा. मूळचा ‘घुंऽऽ’ हा वाळलेल्या मुख्य कंडेन्सरचा. तो बदलला हे योग्यच होतं. त्यानंतर एकदा रेडिओ लावून बघितला असता, तर काम तिथेच संपलं होतं. पण अकरा कंडेन्सर एका बैठकीत बदलायचे म्हणजे बावीस ठिकाणी सोल्डर काढायचं आणि पुन्हा लावायचं. त्यातल्या कुठल्या ठिकाणी नवा बिघाड घुसला, हे शेवटी कळणार कसं? काही कंडेन्सर बदललेच पाहिजेत, हेही खरं. विशेषतः आवाजाच्या शेवटच्या व्हॉल्व्हला जोडणारा मेणकागदी कंडेन्सर गळू लागला, की तो व्हॉल्व्ह आणि महागडा आउटपुट ट्रान्सफॉर्मर दोन्ही जळू शकतात. मिस्त्रीही तो बदलतात. पण एक बदलायचा, लावायचा, ऐकायचं, मग पुढचा.

(हौशी वाचकांना एक विनंती. वरचा स्क्रू-ड्रायव्हरचा प्रयोग घरी करू नये. आत अडीचशे व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतात. ज्या संचांत ट्रान्सफॉर्मर नसतो, यूसीएच, यूवाय अशा नावांचे व्हॉल्व्ह असतात, त्यांची लोखंडी चौकटच थेट लाइनला जोडलेली असू शकते. दुरुस्तीला देण्याआधी एवढंच बघा : बटण ‘ग्रामोफोन’वर राहिलेलं नाही ना, नुसत्या मध्यम आणि लघुलहरींच्या संचावर साताऱ्याचं एफएम केंद्र शोधत नाही ना, आणि घरातले एलईडी दिवे, चार्जर बंद केल्यावर खरखर कमी होते का. प्रसार भारतीनं गेल्या काही वर्षांत देशातली बरीच मध्यम लहरींची प्रक्षेपणं बंद केली आहेत, तेव्हा काट्याच्या जुन्या जागेवर काही लागलं नाही तर तो दोष संचाचा नसेलही.)

मिस्त्रींनी पाचशे रुपये मागितले. आत्येभाऊ फोनवर म्हणाला, ‘पार्ट एकही घातला नाही, तर पाचशे कसले?’

माझं भांडण आहे ते या प्रश्नाशी. अकरा कंडेन्सरांचे अठ्ठावीसशे त्यानं कुरकुर न करता दिले होते, कारण नवे पार्ट डोळ्यांना दिसत होते. पावणेदोन तासांचं शोधणं दिसत नाही. डॉक्टरांनी तपासून ‘काही नाही, औषध नको’ म्हटलं तरी आपण फी देतो. मेकॅनिकला मात्र देत नाही. मग त्यानं पार्ट बदलत सुटणं हा त्याचा अडाणीपणा नव्हे, आपणच लावलेली सवय आहे. मिस्त्रींच्या मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, ‘काका, गिऱ्हाईक काउंटरवर उभं असतं. शोधत बसलो तर समोरच्या दुकानात जातं.’ त्यामुळे तोही आख्खा बोर्डच बदलतो.

आपल्याच जिल्ह्यात मिरजेला तंबोऱ्याची जवारी लावताना बघा. कारागीर घोडीवरून कानस किंचित फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा किंचित. त्यात तो नवं काहीच घालत नाही, उलट थोडं घासूनच काढतो. तरी गवई त्याला पैसे देतात आणि पुढच्या खेपेला त्याच हाताकडे येतात. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ती विद्या टिकली, कारण ऐकण्याचे पैसे देणारं गिऱ्हाईक टिकलं.

केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टु रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केलं. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती, वॉरंटी हे ग्राहकाला कळावं म्हणून. फ्रान्सनं २०२१ पासून मोबाइल, लॅपटॉपसारख्या काही वस्तूंवर त्या दुरुस्तीला किती सोप्या आहेत याचे गुण लावणं सक्तीचं केलं. हे सगळं चांगलंच. पण पार्ट मिळाले तरी शोधणारा माणूस कुठून आणणार?

दुकानांनी ‘तपासणी फी’ अशी स्वतंत्र पाटी सरळ लावावी, आणि पार्ट पडो न पडो, आपण ती द्यावी. बदल्यात दोन गोष्टी मागाव्यात. काढलेला प्रत्येक पार्ट पिशवीत घालून परत, आणि बिलावर एक ओळ : काय मोजलं, कुठे काय सापडलं. आत्यांच्या बिलावर ही ओळ मिस्त्रींनी लिहून दिली आहे. ‘पहिल्या आय.एफ. कॉइलची तार तुटलेली, जोडली.’ खाली पाचशे रुपये.