शिफारशीचे उत्तरदायित्व

आवडलेल्या समकालीन कादंबऱ्यांची नावे सांगण्याची प्रथा मराठी वाङ्मयव्यवहारात आता इतकी रुळली आहे की, तिची चिकित्सा करणे हाच औचित्यभंग ठरावा. वर्ष संपत आले की पुरवण्यांतून, विशेषांकांतून आणि परिसंवादांच्या समारोपांतून नामवंतांना पाचदहा नावे विचारली जातात. नामवंतही ती देतात. प्रत्येक नावापुढे ‘अस्वस्थ करणारी’, ‘अंतर्मुख करणारी’, ‘आवर्जून वाचावी अशी’ ह्यांपैकी एखादे विशेषण असते. एका कादंबरीचे विशेषण उचलून दुसरीपुढे ठेवले तरी यादीत काहीच बिघडत नाही, ह्यावरूनच त्या विशेषणांची योग्यता कळते. दुसऱ्या बाजूला विद्यापीठीय समीक्षक अशा याद्यांकडे तुच्छतेने पाहतो. शिफारस हे त्याच्या लेखी हौशी वाचकाचे, फार तर ग्रंथविक्रेत्याचे काम. समीक्षेचे काम विश्लेषणाचे. ह्या दोन वृत्ती परस्परविरोधी भासतात. प्रत्यक्षात दोन्ही एकाच जबाबदारीपासून पळ काढतात. समकालीन कादंबरीबद्दल कारणांसह आणि नाव घेऊन मूल्यविधान करण्याची ही जबाबदारी आहे.

‘मला आवडली’ आणि ‘तुम्ही वाचा’ ही दोन विधाने एकामागोमाग एक उच्चारली जातात, म्हणून ती एकच आहेत असा समज होतो. कांटने 1790 च्या आपल्या सौंदर्यविषयक ग्रंथात केलेला भेद येथे उपयोगी पडतो. कॅनरी बेटांची मदिरा मला रुचते, असे म्हणणारा मनुष्य इतरांकडून संमती मागत नसतो. एखादी वस्तू सुंदर आहे असे म्हणणारा मात्र सर्वांच्या संमतीवर हक्क सांगत असतो, मग ती संमती प्रत्यक्षात मिळो वा न मिळो. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’पासून (1974) हा भेद मराठी अभ्यासकाच्या परिचयाचा आहे, तो परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहिलाही जातो. परंतु शिफारशीची वेळ आली की नेमका त्याचाच विसर पडतो. शिफारस करणारा दुसऱ्या प्रकारचा हक्क बजावतो आणि कारण विचारले की पहिल्या प्रकारच्या आडोशाला जातो: ‘शेवटी ही माझी वैयक्तिक आवड आहे.’ आवड वैयक्तिकच असेल, तर ती छापून शेकडो वाचकांपुढे ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही. आणि ती ठेवायचीच असेल, तर वैयक्तिकतेची ढाल खाली ठेवली पाहिजे.

शिफारस मुळातच हलकी गोष्ट आहे, असा ह्याचा अर्थ नव्हे. उलट वाचनसंस्कृतीचा पाया तिच्यावरच उभा असतो. एक मित्र दुसऱ्याच्या हाती कादंबरी ठेवतो तेव्हा तो दोन गोष्टी जाणून असतो: हा मनुष्य काय वाचत आला आहे, आणि आठवड्याने तो पुस्तक परत घेऊन येणार आहे. परत आणताना तो बोलणार. ‘शंभर पानांपुढे जाववले नाही’ असे म्हणणार, किंवा काही न बोलता त्याच लेखकाचे दुसरे पुस्तक मागणार. ग्रंथालयाच्या खिडकीशी बसलेला जाणता ग्रंथपालही ह्याच नियमाने बांधलेला असतो. कोणते पुस्तक कुणी दोन दिवसांत परत केले, हे त्याच्या ध्यानात राहते. मौखिक शिफारशीचे सारे बळ ह्या परतीच्या फेरीत आहे. छापील शिफारशीत ही फेरीच नाहीशी होते. पुस्तक नामवंतांकडे परत येत नाही. विकत घेणाऱ्याचा हिरमोड त्याच्याच घरात राहतो. प्रत्यक्ष भेटीतून येणारे उत्तरदायित्व जेथे संपते, तेथे कारणांनी त्याची जागा घ्यायला हवी. याद्यांचा दोष त्या आवडीतून जन्मतात हा नसून, ही जागा त्या रिकामी ठेवतात हा आहे.

ती रिकामी जागा बहुधा विषयाने भरली जाते. कादंबरी ‘कशावर’ आहे हे सांगितले की शिफारशीचे कारण सांगून झाले, असे मानण्याची सवय पडली आहे. शेतकऱ्यावरची कादंबरी, विस्थापितांवरची कादंबरी, एकट्या स्त्रीवरची कादंबरी. विषय गंभीर, म्हणून कादंबरी गंभीर. दुःख खरे, म्हणून लेखन खरे. ह्या तर्काने काय हाताबाहेर जाते हे एका उदाहरणावरून दिसेल. विश्वास पाटील ह्यांची ‘झाडाझडती’ (1991) आणि कृष्णात खोत ह्यांची ‘रिंगाण’ ह्या दोन्ही धरणग्रस्तांच्या कादंबऱ्या म्हणून एकाच ओळीत सांगितल्या जातात. दोहोंना साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला, पहिलीला 1992 साली आणि दुसरीला 2023 साली. त्यामुळे ती ओळ आणखीच सोयीची होते. पण ‘झाडाझडती’ ही फैलावत जाणारी कादंबरी आहे. कचेऱ्या, पुढारी, दलाल, मोबदल्याचे कागद आणि खैरमोडे गुरुजींसारखा विवेकनिष्ठ मनुष्य ह्यांच्या गर्दीतून ती एका व्यवस्थेचा पट मांडते. प्रशासन आतून पाहिलेल्या लेखकाची तपशिलावरील पकड हे तिचे सामर्थ्य आहे, आणि व्यक्तींपेक्षा प्रकरणे मोठी होत जाणे ही तिची मर्यादा आहे. ‘रिंगाण’ उलट आकुंचन पावत जाते. मागे सोडलेल्या गावात राहिलेली म्हैस आणायला देवाप्पा परततो, तेव्हा त्या म्हशीचे रानटी जनावर झालेले असते. मनुष्य आणि जनावर ह्यांच्या त्या झुंजीत पुनर्वसन हा शब्दच अर्थ गमावतो. तेथे पट नाही, घेर आहे. आणि बोलीची सलग, दमछाक करणारी लय हाच त्या घेराचा आकार आहे. पहिली कादंबरी ज्याला मनापासून भावते तो वाचक दुसरीत गुदमरण्याची शक्यता आहे, आणि दुसरीने झपाटलेल्या वाचकाला पहिली लांबट वाटू शकते. दोन्ही श्रेष्ठ मानणारा वाचकही असेल. पण त्याने त्या दोन वेगवेगळ्या कारणांनी श्रेष्ठ मानलेल्या असतील. विषयाच्या चिठ्ठीने ह्यांतले काहीही सांगितले जात नाही.

येथवर विद्यापीठीय समीक्षक समाधानाने मान डोलावत असेल. त्याने घाई करू नये. शिफारस आपण करीत नाही, हा त्याचा दावा खरा नाही. तो ती अभ्यासमंडळाच्या बैठकीत करतो. पदव्युत्तर अभ्यासक्रमास लावलेली कादंबरी ही अवघ्या वाङ्मयव्यवहारातील सर्वांत प्रभावी शिफारस होय, कारण तेथे वाचकाला नकाराची मुभाच नसते. आणि ह्या शिफारशीची कारणे याद्यांइतकीसुद्धा सांगितली जात नाहीत. तेथे विशेषणाची जागा प्रवाह घेतो: एक ग्रामीण, एक दलित, एक स्त्रीवादी, एक महानगरीय. प्रवाहांची संकल्पना एके काळी वाङ्मयाच्या मक्तेदारीविरुद्धचे हत्यार होती. मराठी कादंबरीत कोणाचे जगणे येऊ शकते ह्याची कक्षा तिने रुंदावली. आज तिचा उपयोग जागांच्या वाटपासाठी होतो. प्रवाहाची प्रतिनिधी म्हणून निवडलेल्या कादंबरीवर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी तिच्यात प्रवाहाची लक्षणे शोधतो, त्याला ती सापडतात, आणि ती सापडली म्हणून निवड योग्य होती असे सिद्ध होते.

ह्या निवडीत ‘समकालीन’ हा शब्दही थिजून गेला आहे. ‘कोसला’ 1963 साली प्रसिद्ध झाली. तिला साठ वर्षे उलटून गेली, तरी ‘आजच्या’ कादंबरीची चर्चा तिच्यापासून सुरू होते आणि पुष्कळदा तिच्यापाशीच संपते. ह्यात त्या कादंबरीचा दोष नाही. भालचंद्र नेमाडे ह्यांच्या समीक्षेचाही नाही. ‘यमुनापर्यटन’ (1857), ‘मुक्तामाला’ (1861) आणि ‘मोचनगड’ (1871) ह्यांच्यापासून निघणाऱ्या तीन प्रवृत्ती कल्पून त्यांनी मराठी कादंबरीची उतरंड लावली, तेव्हा आपण कशाला वर चढवीत आहोत आणि कशाला खाली उतरवीत आहोत हे उघडपणे सांगितले. तिच्याशी भांडता येते, म्हणूनच ती समीक्षा आहे. त्यांच्या अनुयायांनी मात्र निष्कर्ष घेतले आणि कारणे मागे ठेवली. वारशाने मिळालेली अभिरुची ही अभिरुची नव्हे; तो केवळ शिष्टाचार आहे.

कारणांच्या ह्या अभावाची किंमत कोण मोजते, हा खरा प्रश्न आहे. किरण नगरकरांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ 1974 साली आली. कालक्रम मोडणारे तिचे निवेदन आणि तिच्या भाषेतील धिटाई ह्यांसाठी मराठी वाचक तयार नव्हता असे म्हटले जाते. वाचक आपोआप तयार होत नसतो. अनोळखी रीतीशी त्याची ओळख करून देणे हेच समीक्षेचे काम होते, आणि ते वेळेवर पुरेसे झाले नाही. नगरकर पुढे मुख्यत्वे इंग्रजीत लिहू लागले. ह्या स्थित्यंतराची कारणे अनेक असतील. पण मराठी समीक्षेने स्वतःला त्यांतून वगळून घ्यावे, हे पटण्याजोगे नाही. विलास सारंगांची ‘एन्कीच्या राज्यात’ (1983) इराकमधील बसऱ्यात घडते. परक्या भूमीवरील मराठी माणसाचे तुटलेपण कोरड्या, निर्विकार वाटणाऱ्या गद्यातून साकारणारी ही कादंबरी कोणत्याच प्रवाहाच्या खणात बसत नाही, म्हणून कोणत्याच यादीत तिची जागा ठरलेली नाही. अशा कादंबऱ्यांना शिफारशीची गरज सर्वाधिक असते आणि त्यांच्याच वाट्याला ती सर्वांत कमी येते. ज्या भाषेत कादंबरीची आवृत्ती हजारभर प्रतींची निघते आणि पुनर्मुद्रण हा अपवाद असतो, त्या भाषेत समीक्षकाचे मौन तटस्थ राहत नाही. ते त्या पुस्तकाच्या विरोधात दिलेले मत ठरते.

ह्यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. मराठी कादंबरीचा वाचक आधीच थोडा आहे. त्याला पुस्तकाकडे नेणारे दोन प्रेमाचे शब्द पुरेत, त्यावर कारणमीमांसेचे आणि मर्यादादर्शनाचे ओझे कशासाठी? आक्षेपामागील सदिच्छा खरी आहे; पण तिचा हिशेब चुकला आहे. अवास्तव स्तुतीवर विसंबून घेतलेली तिसरी कादंबरी अर्धवट टाकणारा वाचक यादीवर रागावत नाही, तो मराठी कादंबरीवरच रागावतो. आणि मर्यादा सांगितल्याने वाचक दुरावतो, हे अनुभवाला धरून नाही. भाऊ पाध्ये ह्यांच्या ‘वासूनाका’वर आचार्य अत्र्यांनी कडाडून हल्ला चढवला, आणि दुर्गा भागवतांनी त्या पुस्तकाची बाजू घेतली. दोन्ही पक्षांनी पुस्तकात काय आहे आणि ते का निषिद्ध किंवा का मोलाचे आहे ह्यावर वाद केला. त्या वादात वाचकाला स्वतःचे मत बनविण्यासाठी काहीतरी मिळाले. आजच्या सार्वत्रिक सौजन्यातून असे काहीही मिळत नाही. जेथे कोणतीच कादंबरी वाईट म्हटली जात नाही, तेथे कोणतीही चांगली म्हटल्याला अर्थ उरत नाही.

तेव्हा शिफारशी थांबाव्यात अशी मागणी येथे नाही. त्या वाढाव्यात, आणि समीक्षकांनीही त्या उघडपणे कराव्यात. पण त्यांना काही किमान पथ्ये असावीत. कादंबरी कोणत्या वाचकासाठी आहे हे सांगितले जावे. श्याम मनोहरांची ‘कळ’ (1996) सुचविणाऱ्याने, कथानकाच्या ओढीने वाचणाऱ्याची येथे निराशा होईल आणि साध्या घरगुती बोलण्यातून उभे राहणारे प्रश्न ज्याला मोहवितात त्याला मात्र ती सोडणार नाही, एवढे बजावले तरी ते पुरे आहे. दिलेले कारण संहितेतले असावे, विषयातले नव्हे. आणि ते असे असावे की दुसऱ्याला पान उघडून ते तपासता यावे. जे खटकले तेही त्याच परिच्छेदात यावे. आणि शिफारस करणारा त्या पुस्तकाचा प्रस्तावनाकार, संपादक, मलपृष्ठावरील अभिप्रायकार किंवा पुरस्कारसमितीचा सदस्य असेल, तर हे नाते त्याने लपवू नये. ह्यांतील एकही पथ्य विद्वत्तेचे नाही. पुस्तक परत घेऊन येणाऱ्या मित्राच्या डोळ्याला डोळा देता यावा, एवढीच त्यांची मागणी आहे.

संस्कृत काव्यशास्त्राने वाचकाला सहृदय म्हटले. हृदय समान असणे ही तेथे जन्मजात देणगी मानलेली नाही. काव्याच्या अभ्यासाने मनाचा आरसा लख्ख झालेला असणे, ही अभिनवगुप्तांची अट आहे. पदव्युत्तर वर्गात बसणारा विद्यार्थी उद्या शिक्षक होईल, अभ्यासमंडळावर जाईल, यादी मागणाऱ्याला यादी देईल. आज त्याला कुणी ‘ही वाच’ म्हणाले, तर त्याने एकच प्रश्न विचारायला शिकावे: का? उत्तरादाखल पुन्हा विशेषणच मिळाले, तर ते पुस्तक जरूर वाचावे. मात्र शिफारस करणाऱ्याला त्या वाचनाचे श्रेय देऊ नये.